‘बायझंटाईन व्हेनिस’ टूर: पाला दोरोला सात मिनिटं आणि दुकानात चाळीस

आधीच सांगते, हा रिव्ह्यू व्हेनिसचा नाही, व्हेनिसला स्टार द्यायला मी कोण. हा आहे साडेतीन तासांच्या एका वॉकिंग टूरचा, जी आम्ही ऑनलाईन बुक केली, माणशी ७५ युरो, आई आणि मी धरून दीडशे, आणि रुपयांत हिशोब करायचा नाही असं मी आईला विमानातच सांगून ठेवलं होतं. कंपनीचं नाव लिहीत नाहीये, अशा टूर्स तिथे बरेच जण विकतात आणि साचा साधारण एकच दिसतो. माझं मत एका ओळीत हवं असेल तर असं की बघायला जे नेतात (सेंट मार्कचं चर्च, म्हणजे बॅसिलिका, आणि त्यातला पाला दोरो हा सोन्याचा पडदा) ते डोळे फाडून बघण्यासारखं आहे, पण त्यासाठी ही टूर लागत नाही, स्वतःची तिकिटं काढा आणि आधी थोडं वाचून जा. बाकी सविस्तर खाली, वेळ असेल तर वाचा.

आईचं माहेर कल्याणचं आणि सराफांचं. त्यामुळे आमच्या घरात दागिना हातात आला की आधी उलटा करून मागची बाजू बघतात, मग पुढची. टूरच्या जाहिरातीत ‘बायझंटाईन दागिने आणि पवित्र कला’ असं काहीतरी वाचलं आणि आई म्हणाली हेच घे, चर्च काय आपण बाहेरूनही बघू.

भेटायची जागा पियाझेत्ता या चौकातल्या दोन खांबांखाली, सकाळी दहाला. एका खांबावर पंखवाला सिंह म्हणजे सेंट मार्क, दुसऱ्यावर मगरीसारख्या प्राण्यावर उभा असलेला सेंट थिओडोर. हा थिओडोर ग्रीक सैनिक संत आणि मार्कच्या आधी व्हेनिसचा पालक संत तोच होता, कारण व्हेनिस सुरुवातीला बायझंटाईन साम्राज्याच्या, म्हणजे कॉन्स्टँटिनोपलहून (आजचं इस्तंबूल) चालणाऱ्या पूर्वेकडच्या रोमन साम्राज्याच्याच ताब्यातला एक चिखलातला कोपरा होता. मग ८२८ मध्ये व्हेनिसच्या दोन व्यापाऱ्यांनी इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाहून सेंट मार्कच्या अस्थी पळवून आणल्या, वर डुकराचं मांस ठेवलं म्हणजे तिथले मुसलमान अधिकारी हात लावणार नाहीत, आणि ही चोरी लपवायची सोडून त्यांनी सेंट मार्कच्या चर्चच्या दर्शनी भागावर मोझॅकमध्ये, म्हणजे बारीक तुकडे जोडून, तिच्यावरून चित्रं करून लावली. गाईड बाईंनी ही गोष्ट झकास सांगितली, त्याचे पूर्ण मार्क. बाई हुशार होत्या, इंग्रजी स्पष्ट, नाटकी नाही. पुढे जे बिघडलं तो त्यांचा दोष नव्हता, टाइमटेबलचा होता.

हेडसेटबद्दल एकच वाक्य लिहिते, आईचा बंद होता आणि माझ्यात अर्धा वेळ दुसऱ्याच कुठल्यातरी ग्रुपची जर्मन ऐकू येत होती.

चर्चमध्ये शिरायच्या आधी बाई आम्हाला कोपऱ्यावर घेऊन गेल्या, खजिन्याच्या भिंतीला चिकटून चार माणसं एकमेकांना मिठ्या मारून उभी आहेत, जांभळट लाल दगडातली. पॉर्फिरी म्हणतात त्या दगडाला, इजिप्तमधून यायचा आणि तो राजांसाठीच राखलेला. हे चार रोमन सम्राट, एकत्र राज्य करणारे. मूळचे कॉन्स्टँटिनोपलमधले. आता गंमत बघा, एकाचा पाय फिकट रंगाच्या दगडाचा आहे, नंतर बसवलेला, आणि मूळ तुटलेला पाय १९६० च्या दशकात इस्तंबूलमध्ये खोदकामात सापडला, तिथल्या म्युझियममध्ये ठेवलाय. म्हणजे उपटून नेताना तुटलेला तुकडा तिथेच राहिला. ‘चोर पकडला गेला पायावरून,’ आई म्हणाली. मी त्या पायाचा फोटो काढला, बाकी लोक सिंहाबरोबर सेल्फी काढत होते.

हे ‘उपटून’ प्रकरण समजल्याशिवाय आतलं काहीच समजत नाही, म्हणून थोडक्यात. १२०२ साली चौथं क्रुसेड, म्हणजे ख्रिश्चनांचं धर्मयुद्ध, निघालं होतं खरं इजिप्तकडे, पण जहाजं व्हेनिसची आणि क्रुसेडवाल्यांकडे भाड्याचे पैसे नाहीत, मग व्हेनिसचा डोज, म्हणजे तिथला राज्यप्रमुख, म्हातारा आणि आंधळा एनरिको दांदोलो स्वतः बरोबर गेला आणि सगळं वळण घेत घेत कॉन्स्टँटिनोपलवर जाऊन आदळलं. १२०४ मध्ये ख्रिश्चनांनी ख्रिश्चनांचं शहर लुटलं, तेही त्या काळातलं सगळ्यात श्रीमंत. दांदोलो तिकडेच मेला आणि तिथल्या हागिया सोफिया या मोठ्या चर्चमध्येच पुरला गेला. लूट मात्र जहाजं भरभरून इकडे आली, ती आजही इथे भिंतीवर, छतावर, कपाटात आहे.

पण सगळंच लुटीचं आहे असं समजू नका. टूरमध्ये हा भाग घाईत गेला, आणि मला वाटतं खरी गोष्ट इथेच आहे. चर्चचा नकाशाच उधारीचा आहे. आत्ताची इमारत १०६३ च्या सुमारास सुरू झाली, ग्रीक क्रॉससारखा आकार आणि पाच घुमट, आणि नमुना म्हणून समोर होतं कॉन्स्टँटिनोपलचं बारा प्रेषितांचं चर्च. ते मूळ चर्च १४५३ मध्ये तुर्कांनी शहर घेतल्यानंतर पाडलं गेलं, तिथे फातिह मशीद उभी राहिली. म्हणजे आता त्या गेलेल्या चर्चचा अंदाज घ्यायचा असेल तर व्हेनिसला यावं लागतं. मूळ गेलं, कॉपी राहिली. आपल्याकडेही घरोघरी असं असतं, मूळ डाग मोडून झालेला असतो आणि त्याच घाटाचा धाकट्या जावेने करून घेतलेला तेवढा उरतो.

आत शिरलो तेव्हा पहिली दहा मिनिटं खरं सांगायचं तर अंधार. वर काहीतरी तपकिरी तपकिरी. मी म्हटलं याच्यासाठी एवढा खर्च. मग साडेअकराच्या आसपास दिवे लागले आणि अख्ख्या रांगेतून एकदम ‘आऽऽ’ असा आवाज आला, मी पण त्यात होते. आठ हजार चौरस मीटरच्या वर मोझॅक आहे आणि बराचसा सोनेरी. सोनेरी म्हणजे रंग नव्हे हां, खरा सोन्याचा वर्ख, काचेच्या तुकड्यावर लावून वरून पुन्हा काचेचा पातळ थर भाजलेला, त्यामुळे सोनं काळंही पडत नाही आणि घासलंही जात नाही. आणि हे तुकडे सपाट बसवलेले नाहीत, प्रत्येक जरा तिरका, कमी-जास्त, त्यामुळे तुम्ही एक पाऊल सरकलात की चमक सरकते. मी मान वर करून डावीकडे उजवीकडे झुलत होते, एका माणसाला धडकले. फोटोत हे येत नाही. फोटोत ते लग्नाच्या हॉलच्या छतासारखं दिसतं, म्हणून मी एकही टाकणार नाहीये.

एक निरीक्षण, बाईंनी नाही सांगितलं, आईनं दाखवलं. काही ठिकाणची माणसं सरळ समोर बघतात, मोठे डोळे, पाय जमिनीला टेकलेत की नाही कळत नाही. आणि काही ठिकाणी एकदम पैलवान, पिळदार दंड, ढगांत उड्या. ही दुसरी नंतरची, जुनी मोझॅक खराब झाली तिथे सोळाव्या शतकापासून मोठ्या मोठ्या चित्रकारांच्या आराखड्यावरून बसवलेली. तांत्रिकदृष्ट्या भारी असतील पण मला विचाराल तर सोन्याच्या भिंतीवर ऑइल पेंटिंगचं पोस्टर चिकटवल्यासारखं वाटतं. जुनी बघत राहावीशी वाटतात कारण त्यांना तुम्हाला काही दाखवायचं नाहीये, ती तुमच्याकडे बघतायत. आपल्या देवांच्या टाकातले डोळे कसे असतात, चेहरा साधा पण डोळे तेवढे रोखलेले, तसं.

आता मेन गोष्ट. मुख्य वेदीच्या मागे पाला दोरो. शब्दशः सोन्याचा पडदा म्हणा, साधारण तीन मीटर रुंद आणि दोन मीटर उंच. याचं तिकीट वेगळं असतं, आमच्या टूरमध्ये धरलेलं होतं. बाईंनी घड्याळ बघितलं आणि म्हणाल्या सात मिनिटं, मागे पुढचा ग्रुप आहे. सात! जवळजवळ दोन हजार रत्नं आणि १८७ मीनाकाम केलेल्या पट्ट्या, आणि सात मिनिटं. आईचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. माझ्या मामाच्या दुकानात एका नथीला गिऱ्हाईक पाऊण तास घेतं.

म्हणून मी दुसऱ्या दिवशी स्वतःचं तिकीट काढून परत गेले, एकटी, आईचे गुडघे बोलत होते म्हणून ती हॉटेलवर. पुढे जे लिहितेय ते या दुसऱ्या दिवसाचं. पाला दोरो एकाच वेळी झालेला नाहीये. ११०५ च्या सुमारास डोज ओर्देलाफो फालिएर यानं कॉन्स्टँटिनोपलच्या कारागिरांकडे ऑर्डर देऊन करवला, म्हणजे चक्क पैसे देऊन. मग १२०४ च्या लुटीतून आलेल्या मोठ्या पट्ट्या १२०९ मध्ये वर जोडल्या, त्यात मधोमध देवदूत मायकेल आणि बाजूला ख्रिस्ताच्या आयुष्यातले सण. आणि १३४० च्या दशकात व्हेनिसच्याच सोनारानं हे सगळं गॉथिक कमानींच्या चौकटीत बसवून कोंदणात खडे भरले. म्हणजे खाली विकत घेतलेलं, वर लुटलेलं, भोवती घरी केलेलं. एकाच दागिन्यात तिन्ही. आणि नजर सरावली की शिवण दिसते. वरच्या आणि खालच्या पट्ट्यांचा घाट वेगळा, अक्षरं कुठे ग्रीक कुठे लॅटिन. खाली मध्यभागी ख्रिस्त सिंहासनावर, भोवती ख्रिस्ताचं चरित्र लिहिणारे चार शुभवर्तमानकार, आणि त्याखाली मेरी, एका बाजूला सम्राज्ञी आयरीन आणि दुसऱ्या बाजूला हा डोज फालिएर. डोजच्या डोक्याचा भाग बदललेला दिसतो, आधी तिथे सम्राट असावा असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे, आणि असणारच हो, राणी एका बाजूला उभी आणि दुसऱ्या बाजूला राजाऐवजी गिऱ्हाईक?

मीनाकाम जवळून बघाच. आपल्याकडे जयपुरी मीनाकारी आपण पाहिलेली असते, तिथे सोन्याचा पत्रा कोरून खड्डा करतात आणि त्या खड्ड्यात मीना भरतात. इथे पद्धत वेगळी. सोन्याच्या केसासारख्या बारीक पट्ट्या उभ्या करून, वाकवून तळाच्या पत्र्यावर बसवतात आणि त्या पट्ट्यांनीच चित्राच्या रेषा काढतात, वस्त्राची चुणी, नाक, दाढीचा प्रत्येक केस. मग त्या बारीक बारीक खोल्यांमध्ये काचेची पूड भरायची, भट्टीत घालायचं, पूड वितळून खाली बसते म्हणून परत भरायची, परत भट्टी, आणि शेवटी घासून सगळं एका पातळीत आणायचं. प्रत्येक रंग वेगळ्या उष्णतेला वितळतो, एक चुकला की सगळं गेलं. मी एका संताच्या चेहऱ्यासमोर उभी होते, माझ्या अंगठ्याच्या नखापेक्षा थोडा मोठा चेहरा असेल, त्यात दोन भुवया आणि नाक ही एकच सलग पट्टी वाकवून केलेली. एकच. वाय अक्षरासारखी. ती पट्टी चिमट्यात धरून वाकवणाऱ्या माणसाचा हात थरथरला असता तर तो संत वाकड्या नाकाचा झाला असता आणि नऊशे वर्षं तसाच राहिला असता.

खडे मात्र, मामाच्या भाषेत, ‘न पाडलेले’. पैलू नाहीत, नुसते घासून गुळगुळीत गोल केलेले, पाचू, नीलम, गार्नेट, मोती, काही तर वेडेवाकडेच. पैलू पाडलेल्या हिऱ्यांची सवय असलेल्या डोळ्यांना आधी हे फिकं वाटतं. पण आठवा, हे मेणबत्तीच्या उजेडासाठी केलेलं आहे, तिथे अशा खड्यातून चमक बाहेर येत नाही, खडा आतून पेटल्यासारखा दिसतो. आमच्या आजीच्या कुड्यांचे मोती निरांजनासमोर जसे दिसायचे तसे लाइटखाली कधीच दिसले नाहीत.

खजिना, म्हणजे ट्रेझरी, तोही वेगळ्या तिकिटावर, आणि तो आमच्या टूरमध्ये नव्हताच! ‘बायझंटाईन दागिने’ असं जाहिरातीत लिहून बायझंटाईन वस्तूंचा जगातला सगळ्यात मोठ्या साठ्यांपैकी एक साठा वगळायचा, याला काय म्हणायचं. छोट्या खोल्या आहेत, गर्दी कमी. सम्राट रोमानोसचा प्याला बघा, मूळ वाटी अकिकासारख्या पट्ट्यापट्ट्यांच्या दगडाची, त्याला चांदीवर सोन्याचं पाणी दिलेली बैठक, काठाला मीन्यातले संत आणि मोत्यांच्या सरी. दुसरी एक गडद लाल काचेची वाटी आहे, तिच्यावर ग्रीक पुराणातल्या उघड्या-नागड्या आकृत्या आणि काठाजवळ अरबी अक्षरांसारखी नक्षी, पण ती अक्षरं नाहीतच, नुसती अरबी ‘दिसणारी’ नक्षी. म्हणजे जे बायझंटाईन लोक जगाला स्टाईल देत होते तेच बगदादच्या स्टाईलची नक्कल करत होते. हे बघून मला बरं वाटलं. आणि एक विचित्र वस्तू, स्फटिकाचा एक पोकळ तुकडा, त्याच्या आत मेरीची छोटी मूर्ती, आणि खाली सम्राट लिओ सहावा याचा मुकुट, लुटारूंनी वेगवेगळ्या वस्तू एकत्र जोडून नवीनच काहीतरी केलंय. ‘मोडून केलेलं’ म्हणतात आपल्याकडे, तसं, पण न मोडता.

वरच्या मजल्यावर मूळ चार घोडे आहेत, बाहेर दिसतात ती कॉपी. कॉन्स्टँटिनोपलच्या रेसकोर्सवरून आणलेले, जवळजवळ शुद्ध तांब्याचे आणि वर सोन्याचा मुलामा. १७९७ मध्ये नेपोलियननं हे पॅरिसला नेले, १८१५ मध्ये परत आले. चोरावर मोर. जिना एकदम उभा आहे, गुडघ्यांची तक्रार असलेल्यांनी विचार करून चढा.

आता टूरचा शेवट, म्हणजे ज्यासाठी मी दोन स्टार कापले. सात मिनिटांचा पाला दोरो आटपून आम्हाला गल्लीबोळातून एका दुकानात नेलं, ‘पारंपरिक बायझंटाईन कारागिरीचं प्रात्यक्षिक’. प्रात्यक्षिक पाच मिनिटं, उरलेली पस्तीस मिनिटं काचेचे मणी आणि दागिने. दार आतून बंद नव्हतं पण बाई दारातच उभ्या होत्या. तिथे मी, आईनं डोळे वटारलेले असतानाही, एक कानातल्याची जोडी घेतली. चंद्रकोरीचा आकार, आत जाळी, जाळीत समोरासमोर दोन मोर. हा घाट खरोखरचा जुना आहे, सहाव्या-सातव्या शतकातले असे बायझंटाईन कानातले म्युझियममध्ये आहेत, सोन्याच्या पत्र्याला छिन्नीनं बारीक जाळी पाडलेले. चंद्रकोर काय, मोर काय, आपल्याला वाटतं आपलाच दागिना. दुकानदार म्हणाला चांदीवर सोन्याचं पाणी, हाताचं काम, मीना भट्टीतला. ११० युरो.

कल्याणला आल्यावर मामाच्या हातात दिले. त्यानं आधी उलटे केले, अर्थातच. मग म्हणाला, ‘बाळे, हे ओतीव आहे, जाळी पाडलेली नाही, ही बघ साच्याची रेघ.’ मग कसोटीचा दगड काढला. पितळ. मुलामा इतका पातळ की दगडावर एकदा ओढल्यावर खालचं दिसलं. मीना म्हणजे रंगीत लाख का काय ते, नखानं टवका निघाला. मामा काही बोलला नाही, फक्त चष्म्यावरून बघितलं, ते जास्त लागलं. दुकानाचं नाव पावतीवर आहे पण लिहीत नाही, आणि माझीच चूक, आईनं डोळे वटारले होते.

या सगळ्यात जे फुकटात मिळालं ते टूरच्या बाहेरचं. चर्चसमोरच्या चौकातच कोर्रेर म्युझियम आहे, डोजच्या राजवाड्याच्या तिकिटावर चालतं, तिथे बहुतेक लोक पाय दुखतात म्हणून बसायला येतात. आम्हीही त्यासाठीच गेलो, तिसऱ्या दिवशी. व्हेनिसच्या नाण्यांची कपाटं आहेत. आई काचेला नाक लावून उभी, आणि मग एकदम, ‘अगं ही पुतळी! ही आपल्या आजीच्या माळेतली पुतळी!’

मी म्हटलं काहीही काय. वाकून बघितलं. सोन्याचा डुकाट, साडेतीन ग्रॅमचा, १२८४ पासून सुरू. एका बाजूला सेंट मार्क उभा, त्याच्यासमोर गुडघे टेकून डोज, दोघांच्या मध्ये निशाणाची काठी. दुसऱ्या बाजूला बदामी आकाराच्या चौकटीत ख्रिस्त, भोवती चांदण्या. आणि आजीची माळ मी लहानपणी इतक्या वेळा हाताळलीय की बोटांनाच ओळख पटली, तीच काठी मध्ये, एक उभा एक वाकलेला.

हॉटेलवर येऊन वाचलं तेव्हा कळलं की आई बरोबर होती. व्हेनिसचे डुकाट व्यापारातून शतकानुशतकं हिंदुस्थानात येत होते, सोनं जवळजवळ शंभर नंबरी आणि छाप पाचशे वर्षं तोच, त्यामुळे न वाचता येणाऱ्या माणसालाही भरवसा. आपल्याकडे त्यावरच्या आकृत्यांमुळे त्याला पुतळी म्हणायला लागले, गळ्यात ओवले, आणि मग आपल्याच सोनारांनी तशा पुतळ्या घरी पाडायला सुरुवात केली. लॅटिन अक्षरांच्या नुसत्या रेघोट्या झाल्या, संत आणि डोज आपल्या लोकांना राम-सीता दिसायला लागले, पुढे लक्ष्मीही आली. आणि व्हेनिसनं तरी हा छाप कुठून घेतला? बायझंटाईन नाण्यांवरून. संताच्या हातून निशाण किंवा क्रॉस घेणारा राजा आणि मागे ख्रिस्त, हे कॉन्स्टँटिनोपलच्या टांकसाळीचं जुनं डिझाईन, व्हेनिसनं आधी चांदीच्या ग्रोस्सोवर उचललं आणि तिथून डुकाटवर आणलं.

आणि आमच्या कल्याणचं नाव त्याच्याही आधी तिकडे पोचलेलं आहे. सहाव्या शतकात, म्हणजे बायझंटाईन सम्राट जस्टिनियनच्या राज्यात, कोस्मास नावाच्या अलेक्झांड्रियाच्या व्यापाऱ्यानं ‘कल्लियाना’ या बंदराबद्दल लिहून ठेवलंय, तिथे पर्शियाहून नेमलेला बिशप असतो असंही. बहुतेक अभ्यासक हे आपलं कल्याणच मानतात. मामाला सांगितलं तर म्हणाला, तेव्हाही ट्रॅफिक असेल.

तर जाणाऱ्यांसाठी. बॅसिलिकाचं, पाला दोरोचं, खजिन्याचं आणि वरच्या म्युझियमचं तिकीट स्वतः काढा. पाला दोरोला निदान अर्धा तास द्या, छोटी दुर्बीण असेल तर न्याच, मला दुसऱ्या दिवशी एका जपानी आजोबांनी त्यांची दिली तेव्हा अक्कल आली. खांदे-गुडघे झाकलेले हवेत, मोठी सॅक आत नेता येत नाही, आई साडीत होती तिला कुणी काही म्हटलं नाही उलट दोघींनी फोटो काढायला विचारलं. डाव्या हाताला निकोपेया मेरीचा आयकॉन, म्हणजे पूजेचं चित्र, आहे तिथे गर्दीतून वाट काढून जा, बायझंटाईन सैन्य हा लढाईत पुढे घेऊन जायचं असं मानतात, तोही १२०४ चाच माल, आणि तिथे लोक खरोखर प्रार्थना करत असतात, तेव्हा मोबाईल खाली. वेळ असेल तर सान जॉर्जो देई ग्रेची हे ग्रीकांचं चर्च चुकवू नका, कललेला मनोरा दिसला की तेच. कॉन्स्टँटिनोपल पडल्यावर ग्रीक मंडळी मोठ्या संख्येनं व्हेनिसला आली, क्रीट बेटही तेव्हा व्हेनिसकडेच होतं, तिथले चित्रकार सोनेरी पार्श्वभूमीवर जुन्या पद्धतीचे आयकॉन करत राहिले आणि हळूहळू त्यात इटालियन सावल्या शिरल्या. बाजूच्या छोट्या म्युझियममध्ये हे लागोपाठ दिसतं, आम्ही गेलो तेव्हा आत आम्ही दोघी आणि एक झोपाळू रखवालदार. पुढे स्पेनमध्ये गाजलेला एल ग्रेको याच क्रीटचा, यातूनच शिकून व्हेनिसला आलेला.

तोर्चेल्लोला बोटीनं जायचं होतं, तिथे सोन्याच्या भिंतीवर एकटी निळी मेरी उभी आहे म्हणतात ना, ती बघायला, पण आईच्या गुडघ्यांनी नाही म्हटलं. राव्हेनाही राहिलं, सान व्हिताले चर्चमधली सम्राज्ञी थिओडोरा, मुकुटापासून छातीपर्यंत मोत्यांच्या सरी सोडलेली. पुढच्या वेळी.

गाईड बाईंना पाच स्टार, टूरला दोन, दुकानाला काय द्यायचं ते तुम्हीच ठरवा.

ते कानातले मामाकडेच ठेवलेत. त्याच घाटाचे सोन्यात करून दे म्हटलं, छिन्नीनं जाळी पाडून, ओतीव नको. त्यानं कागदावर दोन मोर काढले, खोडले, परत काढले, आणि म्हणाला आता असं जाळीकाम करणारा एकच कारागीर त्याच्या ओळखीत आहे, चार दिवस नुसती जाळीच घेईल, आणि मजुरीचा आकडा सांगितला. आई म्हणाली त्यापेक्षा माळेतल्या दोन पुतळ्या काढून कानातले कर. मामा म्हणाला, आईच्या माळेला मी कात्री लावणार नाही. दोघं अजून बोलत नाहीयेत.